उजवी मांडी आणि सहा किलोमीटर

९ जानेवारी
संकल्प: ईस्टरला डोंगरावरच्या आमच्या लाकडी केबिनवर स्कीवरून, स्वतःच्या पायांनी जाणार. सहा किलोमीटर. केबिन आता लेकीच्या, सुनिवाच्या नावावर. नाताळात म्हणाली, "आई, तू वर येतेस तोवर ठेवू. मग विकावीच लागेल." ओलावने बांधलीय ती, माझ्या नवऱ्याने, एकेक फळी पाठीवर वाहून. तो गेला. केबिन जाणार नाही. उद्यापासून रोज ट्रेनिंग.

१० जानेवारी
वारा. उद्यापासून.

१७ जानेवारी
उजवी मांडी दुखते. नवे बूट! दुकानदाराला झापलं पाहिजे.

२९ जानेवारी
जुने बूट घातले. तरी दुखते. म्हणजे गादी.
शेजारीण बोर्गहिल्ड कॉड लिव्हर ऑइल घेऊन आली. "अगं गुनवोर, हिवाळ्यात दोन महिने सूर्यच उगवत नाही, व्हिटॅमिन डी कुठून मिळणार? चमचाभर घे की! शाळेत नाक दाबून घ्यायचीसच ना?" म्हटलं, म्हणूनच आता नको. शिवाय ऑक्टोबरात पंधरा दिवस कॅनरी बेटांवर होते, ऊन भरून आणलंय. छत्रीखाली होते, क्रीमही थापलं होतं, पण ऊन ते ऊन. तेल मांजराला दिलं.

८ फेब्रुवारी, रविवार
हाडांची गोळी घेतली. उपाशीपोटी, मग अर्धा तास ताठ बसायचं. अकरा वर्षांत एक रविवार चुकवला नाही. जुने डॉक्टर पाचव्या वर्षीच "आता थांबवू या" म्हणाले होते. ते रिटायर होत होते, सगळंच थांबवायच्या मूडमध्ये होते.

१९ फेब्रुवारी
नव्या डॉक्टरीणबाई. दिसतात बारा वर्षांच्या. "मांडी कधीपासून दुखते?" म्हटलं, दोनेक दिवस. "रक्त द्या आणि आजच एक्स-रे काढा." रक्त दिलं. एक्स-रेला रांग होती आणि बाहेर बर्फ काय सुरेख! स्कीवर गेले. चारशे मीटर. सुरुवात म्हणून वाईट नाही.

२ मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. हाडांची गोळी बंद, स्की बंद, एक्स-रे ताबडतोब. दुसऱ्याच कुणाचं रक्त असणार, बिचारी. ईस्टरनंतर बघू.
घरात काठी घेते. थकले म्हणून. थकलेय खरी.

२३ मार्च
सुनिवाला फोनवर सांगितलं, "तुमच्याआधी पोचून चूल पेटवते." फोन ठेवल्यावर रडले. कारण नव्हतं काही.

२७ मार्च, हॉस्पिटल
पडले नाही. जो येतो तो 'कशी पडलात' विचारतो. ओट्यापाशी कॉफी ओतत होते, वळले, मांडीत खडू मोडावा तसा आवाज झाला. मग पडले. क्रम महत्त्वाचा आहे.

२९ मार्च
मांडीत सळई घातलीय. सर्जन म्हणाले, एवढं जाड हाड असं आडवं सहसा मोडत नाही. इतकी वर्षं गोळी आणि त्यात डी नाही, की हाड स्वतःची डागडुजी सोडून देतं. म्हटलं, डावा पाय ठणठणीत आहे. त्यांनी डाव्याचा फोटो दाखवला. तिथेही तडा.

३० मार्च
सुनिवा आली. मी म्हटलं, "उन्हाळ्यात चालत जाईन वर. तोवर विकू नकोस."
"आई, विकली. जानेवारीतच. ताबा ईस्टरनंतर. तुला एक शेवटचा ईस्टर द्यायचा होता, म्हणून बोलले नाही."
"मी येणार होते ना पण!"
"नाताळातच लंगडत होतीस गं. सगळ्यांना दिसत होतं."
रागावायला हवं होतं. पण मीही तिच्याशी तीन महिने खोटंच बोलत होते. तिने हात धरला. धरू दिला.