बाचा सोडा

काशीद

१९ ऑगस्ट १९३१, सकाळी पावणेसहा, पेन्सिलीला टोक करीत होतो.
चुलीपाशी पुन्हा फसफस. बाने पेल्यात मूठभर खाण्याचा सोडा टाकून वर लिंबू पिळले. मी म्हटले, कंपाउंडरने छोटा चमचा सांगितला होता, तोही सपाट, पाण्यात पुरता विरघळवून. लिंबाने सोडा पेल्यातच मरतो.
"फसफसला नाय तं औशीद कसला?"
मग मोठी ढेकर. आईकडे असे पाहिले, जणू पापलेटांची रास आणली.

२१ ऑ.
दुपारी सुकट-भाकरी पोटभर, वर लगेच सोडा, लगेच आडवा. बोललो तर "होडीचा तांडेल मी का तू?" त्याचे पाय सुजलेत. पौर्णिमेनंतर होडी काढायची, तेवढाच ध्यास.

२४ ऑ.
बैलगाडीने मुरूडला डॉक्टरांकडे. म्हणाले, सोडा बंद. भरल्या पोटी एवढा घेतला तर वायूने पोट फाटूही शकते. सोड्याने मिठासारखी सूज चढते, आणि रोज लागतो म्हणजे आतले दुखणे झाकले जाते. मग विचारले, शौचास डांबरासारखे काळे होते का? असेल तर आत रक्त वाहते आहे, तडक अलिबागेस इस्पितळात न्या.
बा म्हणाला, "मना काय ठावं? आमी पुळणीवर बसतंव, भरती घेऊन जातंय. दर्याला इचारा."
डॉक्टर हसले. मला हसू आले नाही.

२५ ऑ.
पहाटे मागोमाग गेलो. खडकाआडून ओरडला, "बापावर पहारा ठेवतंस?" सगळा कोळीवाडा हसतो आहे. पाहू दिले नाहीच.

२७ ऑ.
डबी लपवली, तर वाण्याने नवी पुडी दिली. भांडलो, तर वाणी म्हणाला, "मोठा माणूस मागतो, नाही कसे म्हणू?"
आज ढेकर ऐकली नाही. बा पोटावर हात दाबून बसला होता. मला पाहून हात काढला.

२८ ऑ., नारळी पौर्णिमा
नारळ वाहिला. उद्या होडी जाणार, काही रात्री समुद्रातच मुक्कामी. तिथे तर शौचास मागच्या फळीवर बसायचे, खाली सरळ पाणी. मला होडी लागते, किनाऱ्यालगतही ओकतो. तरी मी कारकुनी करतो त्या शेठकडे रजा मागितली.
बाला म्हटले, मी येतो. जाळे चाचपत म्हणाला,
"पुढं बस. मागं येव नको."
मागच्या फळीजवळची जागा पाहून ठेवली आहे.