कुर्किलच्या बायकोचे चित्र

अनादिरनिवासी आदरणीय वुक्वुनाताई यांस,

आपल्या दिवंगत धाकट्या बहिणीचा नवरा एतुव्गी मास्तर याचा किनाऱ्यावरून आदरपूर्वक नमस्कार पोचावा. आपल्या गुडघ्यांना आराम पडला असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे (रुल्तिने आजींच्या मते मी वाळत घातलेल्या माशासारखा दिसतो, परंतु त्यांची दृष्टी अधू झाली आहे). सोबत आंबवलेले वॉलरसचे मांस पाठवीत आहे. पुडके आपल्या रशियन शेजाऱ्यांसमक्ष उघडू नये.

ओम्रिना गेल्यापासून लोककथांच्या पुस्तकाचे काम मी एकट्याने पुढे नेत आहे. कथा मी जमवल्या व रशियनमध्ये उतरवल्या, चित्रे तिची. तिचा हात वॉलरसच्या सुळ्यावर चित्रे कोरण्यास सरावलेला असल्यामुळे कागदावरही ती चित्र सुळ्यासारखे लांबच लांब काढीत असे. लेनिनग्राडच्या संपादकांनी ते पानांच्या मापाने कापले. परिणामी नमुना-प्रतीत एक शिकारी जिवाच्या आकांताने पळत आहे, परंतु त्याच्या मागे कोणीही नाही. आणि पुढे कितीतरी पानांनंतर एक अस्वल विमनस्क मुद्रेने मोकळ्या बर्फाकडे पाहत उभे आहे. मी सविस्तर निषेध नोंदवला. अस्वल सर्वांना फार आवडले, असे उत्तर आले. (चित्र पुन्हा जोडण्याचे मात्र त्यांनी मान्य केले आहे.)

खरी अडचण शेवटच्या कथेची आहे. कुर्किल डोमकावळा जग हिंडून फार उशिरा घरी येतो आणि बायको त्याला तंबूच्या दारातच अडवते, ती कथा आपण जाणताच. तिचे चित्र काढण्याआधीच ओम्रिना गेली. बर्फ फुटल्यावर येणाऱ्या पहिल्या जहाजाने चित्र न पोचल्यास ते लेनिनग्राडच्याच एका चित्रकाराकडून करवून घेण्यात येईल. त्या गृहस्थांनी पाठवलेल्या नमुन्यात कुर्किलच्या बायकोच्या हाती रशियनांचे चहाचे भांडे, समोवार, आहे. ओम्रिनाच्या पुस्तकाचा शेवट अशा हाताने व्हावा, हे मला सहन होणार नाही.

म्हणून मी स्वतः प्रयत्न केला. रुल्तिने आजींनी कागद खिडकीशी नेऊन पाहिला व म्हणाल्या, “मास्तर, शाळेची शेगडी झकास काढलीस. पण तिला चोच कशाला लावलीस?” तो कुर्किल आहे, असे मी निदर्शनास आणून दिले. “मग बायको आत घेत नाही ते बरोबरच आहे,” असा त्यांनी निर्वाळा दिला.

येथे एक गोष्ट सांगणे क्रमप्राप्त आहे. गेल्या वर्षी आजींच्या शेजारणीला, गाल्याला, मुलगी झाली. आजींनी रीतीप्रमाणे दोऱ्याला खडा टांगला आणि गेलेल्यांची नावे एकेक घेऊ लागल्या. ओम्रिनाच्या नावाला खडा हलला. (खिडकीची झडप उघडी होती, हे मी तेव्हाच सांगितले. “गप रे,” आजी म्हणाल्या, “आली ती.”) तेव्हापासून ते मूल ओम्रिना आहे आणि गावात कोणी मला सुखाने जगू देत नाही. दुकानाच्या रांगेत लोक म्हणतात, “मास्तर, बायको तिकडे रडतेय, अन् तुम्ही साखर कसली घेताय?” मूल ओले झाले तरी बोल मलाच. मी पदवीधर आहे, हे कोणी विचारात घेत नाही.

चित्राबाबतही आजींचा सल्ला तोच. “जिचं काम अडलंय तिलाच दाखव की. लाजतोस कशाला, तुझीच बायको आहे.” केवळ वाद मिटावा म्हणून मी कोरा कागद व ओम्रिनाची पेन्सिल घेऊन गेलो आणि त्या मुलीस संपूर्ण कथा सांगितली. कुर्किल दाराशी येतो त्या ठिकाणी तिने माझा चष्मा काढून घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर तिने कागदाचा कोपरा खाल्ला.

हल्ली शाळा सुटल्यावर मी तेथे डोकावतो (घर वाटेवरच आहे, म्हणजे थोडा वळसा पडतो). परवा उशीर झाला, तर गाल्या दारातच म्हणाली, “कुठे होतात मास्तर? केव्हाची दाराकडे बघतेय ती.” मी बूट काढले व चष्मा आपणहून त्या मुलीच्या हाती दिला.

बाकी सर्व यथास्थित आहे. कमीअधिक लिहिले गेले असल्यास वडीलकीच्या नात्याने पोटात घालावे.

आपला आज्ञाधारक,
एतुव्गी

ता. क. – ओम्रिनाच्या हाती कोरणी प्रथम आपणच दिली, असे ती नेहमी सांगे. तरी शेवटचे चित्र आपण काढून द्यावे, ही नम्र विनंती. पत्र लिहिण्याचा हेतू मूलतः हाच होता. आपला हात परका नाही.

आणखी एक – ओम्रिना डावखुरी होती. ती अगदी तान्हेपणापासूनच तशी होती, की मोठेपणी झाली? हे आपल्याखेरीज आता कोणी सांगू शकणार नाही. मी शास्त्रीय जिज्ञासेपोटी विचारीत आहे. त्या मुलीने पेन्सिल डाव्या हातात धरली, इतकेच. तान्हेपणापासून असल्यास कृपया चित्र काढू नये. चित्रकर्तीला सध्या दात येत आहेत, तरी पुस्तकास काही वर्षांची मुदतवाढ मिळावी, असे मी लेनिनग्राडला कळवीन.