दहा मिनिटं पुढचं घड्याळ

गुरुवार, संध्याकाळ

बाबांचं बंद पडलेलं प्रसूतिगृह नाटकवाल्यांना दिलं, ते बरोबर केलं का? अजून ठरत नाही. वरच्या खोल्यांत ते राहतात, खाली बाळंतपणाच्या खोलीत तालीम करतात. बाबांच्या हाताखाली काम केलेल्या कमळमावशी आज उरणहून मुद्दाम बघायला आल्या. सवयीने चपला दारातच काढल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या.

नेहा, नाटकवाल्यांची दिग्दर्शक, भिंतीवरच्या जुन्या घड्याळात सेल घालून वेळ लावत होती.

"पोरी, धा मिनटं पुढं लाव," मावशी म्हणाल्या. "पयल्यापासून तसंच हाय. आमी वेळेवर यावं म्हणून डाक्टर पुढं ठेवायचे."

नेहाला ते फारच पटलं. तालमीला कोणी वेळेवर येत नाही म्हणे.

मला मात्र घाम फुटला. जन्मवेळ त्याच घड्याळावरून लिहायचे. म्हणजे अर्ध्या पनवेलच्या पत्रिका... माझीसुद्धा. सुहासचीही, तोही तिथेच जन्मलेला. आणि आमचं लग्न पत्रिका जुळवून झालेलं.

घरी येऊन त्याला घड्याळाचं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"खरी वेळ कुणाला सांगू नकोस," म्हणाला. "चाललंय ते बरं चाललंय."