सात नंबरच्या गळ्यातला हिरवा दिवा

आई, काल सकाळी आपल्या गोठ्यातली सात नंबरची गाय मरता मरता वाचली. हे तुला क्रमाने सांगायचे आहे, कारण घरात ज्याला जे कळले आहे ते अर्धेच आहे. तू होतीस तेव्हा प्रत्येक गाईला नावाने हाक मारायचीस. आता गळ्यातल्या पट्ट्यावरचा आकडा हेच तिचे नाव. हा पट्टा साधा नव्हे. त्यात एक लहान डबी असते. गाय किती वेळ रवंथ करते, किती चालते, किती बसते हे ती मोजते आणि इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवते. काही बिघडले की कंपनीचा संदेश माझ्या मोबाइलवर येतो: अमुक गाईकडे लक्ष द्या. तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या एका कृषी प्रदर्शनात हे पट्टे मीच पसंत केले. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला लेखी नोंदीचे फार कौतुक असते.

सूनबाई कन्हेरी गावची, माहेरी गोठ्यातच वाढलेली. दहा गाईंचा हा गोठा तिने एकटीने उभा केला. आपल्या कळस गावात आज तिला जो मान आहे तो या गाईंमुळे आहे, माझ्या निवृत्त शिक्षकपणामुळे नाही. पूर्वी ती रोज सकाळी प्रत्येक गाईच्या कानाच्या मुळाशी हात लावून पाहायची. मी तिला म्हणालो, "यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. हाताने तू काय मोजणार?" ती हसली. "आबा, सवय हाय." महिन्याभरात ती सवय गेली. ती मीच घालवली.

गेल्या महिन्यात कंपनीचा शेवटचा संदेश आला. कंपनी बंद होत आहे. महिनाअखेरीनंतर पट्ट्यांकडून येणारी माहिती कोणीही पाहणार नाही. मी तो दोनदा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. पट्ट्यांचे गुण साऱ्या भावकीला मीच ऐकवले होते, शेजारच्या तात्यांना तर त्यांनी न विचारताही. आज जेवताना सांगू, रविवारी मुलगा बारामतीहून आला की सांगू, असे करता करता महिना सरला. डबीतली बॅटरी मात्र शाबूत होती. गाईंच्या गळ्यात हिरवा दिवा लुकलुकत राहिला, आणि त्या दिव्याकडे पाहून मीही स्वतःला सांगू लागलो की अजून तसे काही बिघडलेले नाही.

परवा सात नंबर व्याली. खरवसाचा पहिला चीक भावकीत पोहोचलाच पाहिजे, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मी अकरा घरे मोजली आणि सूनबाईला म्हणालो, "सगळा काढ. कोणी राहायला नको." ती थबकली. "आबा, मागल्या येळेला मेसेज आला व्हता, पयल्या दिवशी समदा पिळू नका म्हनून. यंदा आलाय का?" मी "नाही" म्हणालो. "मग काय हरकत नसंल," असे म्हणून तिने कास रिकामी केली. आई, माझे उत्तर अक्षरशः खरे होते. त्याहून मोठे खोटे मी आयुष्यात बोललेलो नाही.

काल सकाळी ती गाय उठेना. मान वळवून कुशीला टेकलेली, नाक कोरडे, डोळ्यांत ओळख नाही. सूनबाईने निमगाव केतकीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अर्ध्या तासात पोहोचतो, तोवर तिला कुशीवर कलंडू देऊ नका. आम्ही दोघांनी पेंढ्याची पोती तिच्या बरगड्यांना लावली आणि अंगाने रेटून धरली. मी मोबाइल उघडला. सात नंबरपुढे हिरवी खूण होती. कंपनी बंद पडली त्या दिवशीची, तशीच थिजलेली. तात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "गुरुजी, पट्ट्याला इचारा की, जिती हाय का मेली!" सूनबाई ओरडली, "तात्या, आत या न्हायतर गप ऱ्हावा!" तात्या निमूट आत आले आणि त्यांनी तिसरे पोते धरले.

मी गाईच्या कानाला हात लावला. कान गार होता. मी आठ वर्षांचा असेन, तू माझ्या हातातले पुस्तक काढून घेतेस, माझा हात असाच एका गाईच्या कानाशी नेतेस आणि विचारतेस, "गार हाय का ऊन?" मी म्हणतो, "मला समजत नाही." तू म्हणतेस, "समजत न्हाय तर न्हाय म्हन. पन हात काढू नगं." मी हात काढून घेतो आणि वर तुलाच सुनावतो की 'न्हाय' नव्हे, 'नाही' म्हणावे.

डॉक्टर आले. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे, पण अंग थंडगार पडते. चिकाबरोबर अंगातले कॅल्शियम निघून जाते. ते मानेच्या शिरेतून थेंबाथेंबाने सोडावे लागते; घाई झाली तर हृदय थांबते. एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने छातीवर तपासायची नळी धरून त्यांनी मध्येच विचारले, "चीक समदा पिळला व्हता काय?" सूनबाई म्हणाली, "व्हय." "एवढ्या दुधाची गाय, आन् पयल्याच दिवशी समदा? कुनाची अक्कल म्हनायची ही?" तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी बाटलीकडे पाहत राहिलो. "माजीच," ती म्हणाली.

तासाभराने गाईच्या अंगावर थरथर आली, तिने ढेकर दिली आणि ती धडपडत उभी राहिली. दुपारी मुलाचा सूनबाईला फोन आला; लांबूनही मला ऐकू येत होते, "तुला एवढं साधं कळलं न्हाय?" फोन ठेवून ती माझ्यापुढे बसली. "आबा, गाया इकून टाकू. मला न्हाय जमत." ज्या बाईने दहा गाई उभ्या केल्या, ती माझ्यापुढे असे म्हणत होती.

आज सकाळी मी सगळे पट्टे सोडवले आणि तिला सांगितले की कंपनी बंद पडली आहे. तिने विचारले, "कवा?"

मी म्हणालो, "कालच कळले."

तिने पट्ट्यांचा ढीग एका पोत्यात भरला. मग म्हणाली, "मग तुमचा तरी काय दोष, आबा."

आई, महिनाभरापूर्वीचा तो संदेश मी अजून पुसलेला नाही, आणि तिला दाखवलेलाही नाही. खरी तारीख फक्त तुला लिहून कळवतो आहे, कारण तुला वाचता येत नव्हते. तिला येते.