चुकलेली पायरी

रविवार, ७ मार्च

प्रिय टोळ,

तुला आशीर्वाद. इकडे सगळं जागच्या जागी आहे. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी विसरून जातो. तुझ्या वहिनीने पडदे बदललेत, आता घरात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो, पण हे तिला सांगायची छाती माझ्यात नाही. मी गोदामातच आहे, सामानाची लिफ्ट चालवतो. बटण दाबलं की कपाटं वर जातात, सोडलं की थांबतात. कपाटं मुलाखती देत नाहीत, एवढं मात्र त्यांचं बरं आहे.

तू आता मोठा माणूस झालास, टोळ म्हणू नकोस असं म्हणशील. पण शाळेच्या भिंतीवरून उड्या मारायचास तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं आणि उडी कशी मारायची तेही मीच दाखवलं होतं. नाव परत घेणार नाही.

तर तुझा सिनेमा पाहिला. वेळ नव्हता, वहिनी मागे लागली म्हणून गेलो. आईलाही नेलं. गोष्ट तिला कळली, म्हणजे कुणालाही कळेल. धुक्याच्या राजाने गुरूचा श्वास चोरून कुपीत कोंडून ठेवलाय आणि शिष्य हवेतल्या न दिसणाऱ्या पायऱ्या चढत सात मजली मनोऱ्यावर तो आणायला निघालाय. बोलणारी तलवार तोंड उघडायच्या आधीच लोक हसत होते. तू पहिली पायरी चढलास आणि पुढच्या रांगेतला एक टाय लावलेला गृहस्थ बायकोला म्हणाला, "अगं, हा खरंच उडतो!" मी मागून सांगणार होतो की साहेब, उडत नाही, उडवतात. वहिनीने माझा हात दाबला.

तारा संगणकावर फार सफाईने पुसल्यात. दोन डोळे लावून बसलो होतो, एक धागा दिसला नाही. तारांबरोबर त्यांच्या टोकाला दोर धरून उभे असलेले आम्ही चौघेही पुसले गेलो. शेवटी आमची नावं आली, पण तोवर लोक खुर्च्यांखाली चपला शोधत होते. ‘दोर विभाग’ वाचेवाचेपर्यंत दिवे लागले.

बाकी तुझी ती चुकलेली पायरी लोकांना भलतीच आवडलेली दिसते. चौथ्या पायरीला तुझा पाय हवेतून आरपार जातो, तू कोसळतोस, चेहरा पांढराफटक होतो आणि मग कसाबसा सावरतोस. थिएटरात आधी चिडीचूप आणि नंतर शिट्ट्या, की कान बसावेत. आमच्या गल्लीत टपालवाला माझ्या दाराच्या पायऱ्या तशाच अडखळून चढतो आणि मलाच विचारतो, जमलं का म्हणून. मासिकात तू म्हणालास की ते तुला ‘आतून सुचलं’. सुचलं असेल बाबा. आई तेवढा वेळ हातांनी डोळे झाकून बसली होती. तिला उंची सोसत नाही.

खांदा अजून दुखतो, त्यामुळे दोराचं काम सोडलं ते सोडलंच. उड्या बसवणाऱ्या मास्तरांना नमस्कार सांग. जेवणाकडे लक्ष दे, पडद्यावर गालफडं बसलेली दिसतात.

तुझा
बटणवाला दादा


गुरुवार, २५ मार्च

माझ्या लाडक्या धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा वहिनीला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तू लिहितोस, "दादा, मुलाखतीत मी फुशारकी मारली, पण मला ठाऊक आहे ती पायरी तू दिलीस. तीन पायऱ्या सपाट जात होत्या हे तू खालून पाहिलंस आणि चौथीला मुद्दाम थांबलास. आधी सांगितलं असतंस तर तो चेहरा मला जन्मात जमला नसता." आणि एवढ्यावर न थांबता तू हे वर्तमानपत्रातही छापून आणलंस!

हो. मीच.

आता तू विचारलंच आहेस तर सांगतो. पहिल्या तीन पायऱ्या तू जिन्याने गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्यासारखा चढत होतास. मी मनात म्हटलं, याला एकदा तरी वाटलं पाहिजे की पायरी नाहीये, तरच पाहणाऱ्याला पायरी दिसेल. म्हणून थांबलो. कलेत असं करावं लागतं.

पेपर आल्यापासून माझा तोरा विचारू नकोस. सलूनवाल्याने अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्याकडून सगळा प्रसंग करून घेतला. टॉवेलचा दोर केला, एका गिऱ्हाईकाला खुर्चीत उंच बसवलं आणि दोर ओढायच्या माझ्या ‘हं’वर सगळ्या दुकानाने टाळ्या दिल्या. गोदामाचे साहेब, ज्यांनी वर्षभरात मला नावाने हाक मारली नव्हती, ते हात मिळवायला खाली उतरून आले. आता मोकळेपणाने सांगतो, इतके दिवस माझ्या पोटात दुखत होतं. तुझं नाव कुणी काढलं की मी विषय बदलायचो. आता दुखत नाही.

तू लिहितोस की दुसऱ्या भागात मास्तरांना तीच पायरी दुप्पट उंचीवर हवी आहे. नवी माणसं करून करून थकली, प्रत्येक वेळी नाटकी दिसतं. म्हणून दोरावर पुढचा माणूस दादाच हवा, आणि जपणुकीची दुसरी तारही नको, ती अंग मोकळं सोडू देत नाही. "तू असताना मला कशाला हवी दुसरी तार?" हे वाक्य वहिनीने मला पुन्हा वाचायला लावलं.

येतो. वीस तारखेला हजर होतो. खांदा एकदम बरा वाटतोय.

आईने सगळं ऐकून घेतलं. धुतलेली कपबशी पुन्हा धुतली. मग म्हणाली, "मला तो सिनेमा परत दाखव." बघ, तीही तुझ्या नादाला लागली.

तुझा
अभिमानी दादा


शनिवार, १० एप्रिल

टोळ,

हे पत्र मनोऱ्यावर चढायच्या आधी वाच. बसून वाच.

काल दुपारच्या खेळाला आईला घेऊन गेलो. गर्दी तशीच होती. तू पायऱ्या चढायला लागलास. मी चौथीची वाट पाहत होतो, कारण आता तिथल्या टाळ्यांत माझा वाटा होता. खरं तर हा सिनेमा मी आठव्यांदा पाहत होतो. ‘वेळ नव्हता’ असं तुला लिहिलं, ते खोटं. खांद्याचं कारण सांगून गोदामातून सुट्या काढायचो आणि एकटा जाऊन बसायचो. तू दिसलास की जळायचो, टाळ्या पडल्या की आणखी जळायचो, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढायचो.

या वेळी आईने डोळे झाकले नाहीत. पूर्ण पाहिलं. शिट्ट्या संपायच्या आत उठली आणि बाहेर आली. मी मागोमाग गेलो. बाहेर बाकावर बसून म्हणाली, "लोकांना वाटतं हा नट आहे. तो चेहरा मी एकदाच पाहिलाय. तू त्याला पाण्याच्या टाकीवर चढवलंस आणि त्याचा हात सोडलास तेव्हा."

मी म्हटलं, "आई, तेव्हा हात निसटला होता."

"तेव्हाही तू हेच म्हणालास. तुझे बाबा त्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन बाजारात गेले होते आणि तुला नेलं नव्हतं. मी गप्प बसले. तो मऊ मातीत पडला म्हणून गप्प बसले."

तुला ते आठवत नसेल, तू चार वर्षांचा होतास. मला आठवतं. हात निसटला नव्हता.

आता मनोऱ्याचं सांगतो. त्या पायरीच्या चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी पाहुणे आले होते. मी गुडघ्यावर बसून तुझ्या कमरेच्या पट्ट्याची बकलं आवळत होतो, आणि त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "हे सगळं शिकलात कुणाकडून?" तू हसलास आणि म्हणालास, "कुणाकडून नाही. हे अंगातच असावं लागतं." माझ्या डोक्यावरून बोललास. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या हाताखाली तुझं बकल होतं, आणि मी ते दोनदा तपासलं, नेहमीसारखं. काम चोख करायचं आणि मनात विष कालवायचं, हे दोन्ही एकाच वेळी जमतं. मला जमलं.

आमची रीत तुला माहीत आहे. एकला दोर ताणायचा, दोनला श्वास घ्यायचा, ‘हं’ला सगळा भार टाकायचा. मागच्या तिघांची तोंडं भिंतीकडे असतात, त्यांना तू दिसत नाहीस. ते माझ्या आवाजावर ओढतात. वर पाहणारा मी एकटा. तीन पायऱ्या वेळेवर दिल्या. चौथीला एक म्हटलं, दोन म्हटलं, तू पाय पुढे टाकलास, आणि मी ‘हं’ तोंडातच धरून ठेवलं. एक आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ. कला वगैरे काही नव्हतं. याला कळू दे कोण उचलतं ते, एवढंच होतं.

तू पुरुषभर खाली आलास. खाली दगडी चौथरा होता, कॅमेऱ्यासाठी गादी काढून ठेवली होती. दुसरी तार होती हे खरं, पण त्या क्षणी मला तिची आठवण नव्हती. हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय आणि दर वेळी उत्तर तेच आलंय. नव्हती.

तुझा चेहरा पाहिला तेव्हा ‘हं’ निघालं. ओरडलोच मी. मास्तरांनी चित्र पुन्हा पाहिलं आणि टाळी वाजवली, "हेच ठेवायचं!" तू खाली उतरून मला मिठी मारलीस, बरगड्यांवर पट्ट्याचा वळ घेऊन. मी खांदा धरून खाली बसलो. खांद्याला काहीही झालं नव्हतं. तो तेव्हापासून दुखतोय, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

पुढे तर देवाने माझी थट्टाच केली. माझ्या हातून घडलेली सगळ्यात नीच गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त आवडली. आणि मला तुझा हेवा वाटायचा तो याचाच, की ती पायरी माझी असून नाव तुझं. ती माझी आहे म्हणायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं. मग तुझं पत्र आलं, तू ती आपण होऊन माझ्या ओंजळीत टाकलीस, आणि मी हावरटासारखी घेतली. सलूनमध्ये टाळ्या घेतल्या. दुसऱ्या तारेशिवाय तुला दुप्पट उंचीवर चढवायलाही तयार झालो. नवी माणसं तो चेहरा आणू शकत नाहीत, कारण ती तुझ्यावर जळत नाहीत. तीच माणसं ठेव.

दुसरी तार लाव. मास्तर काही म्हणोत, लाव. हे पत्र त्यांनाही दाखव. शॉट नाटकी दिसला तर दिसू दे.

मला बोलवायचं की नाही ते आता तू ठरव. बोलावलंस तर येईन, पण पुढे उभा राहणार नाही. सगळ्यात मागे, भिंतीकडे तोंड करून, दुसऱ्या कुणाच्या तरी ‘हं’वर ओढीन. नाही बोलावलंस तर माझी कपाटं आहेत. आणि मी सुधारलो असं समजू नकोस. काल, आईचं सगळं ऐकून झाल्यावर, थिएटरच्या आतून पुन्हा टाळ्यांचा आवाज आला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? त्या माझ्या आहेत.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही, संध्याकाळी सांगेन. आई कालपासून माझ्याशी बोललेली नाही, एवढंच म्हणाली, "आधी त्याला लिही." आता चपला घालून दारात उभी आहे. पत्रपेटीपर्यंत सोबत येणार म्हणते. मी म्हटलं, मी टाकतो ना, गुडघा दुखेल तुझा. तर म्हणाली, "तुझ्या हाताचा भरवसा नाही. धरायचं तेव्हा सोडतोस, आता सोडायचंय तेव्हा धरून बसशील. मी मोजते."

एक. दोन.

हं.

तुझा
दादा