घरगाडीची चौथी फळी

७ डिसेंबर
याडीनं (आमच्यात आईला याडीच म्हणतात) सकाळी विचारलं, "कोणासाठी करून राहिली हे?" मी हातोडी उचलून बाहेर गेले. मुलाखतीत असं केलं की नापास करतात.

आज घरगाडीच्या आतल्या प्लायच्या पाट्या काढल्या. मागे लाकूड असं राहिलंच नाही. भिंतीचे खांब वाळवीनं पोखरलेत, बोट टेकवलं की आत जातं. बाहेरचा पत्रा तेवढा शाबूत. म्हणजे इतके दिवस लिंबाखाली नुसता पत्रा उभा होता.

बा ओट्यावर बसून बघत होता. "भंगारवाल्याला बोलावतो."
मी म्हणाले, हळद शिजवायला निघेपर्यंत थांब.
"तवर उभी राहिली तर नेऊ. न्हाई तर देऊन टाकू."
ठरलं. दोन महिने आहेत.

८ डिसें.
दादाची वही काढली. मार्चपासून पेटीत होती. गाडीचं चित्र, झोपायच्या चार फळ्या, चारी नावं. बा, याडी, सुनी म्हणजे मी, आणि रवी, तो स्वतः. शेवटच्या पानावर एकच ओळ : "यंदा याडी जमिनीवर झोपणार नाही."
ही गाडी पूर्वी रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर लोकांची राहायची होती. इंजिन गेलेलं. दादानं ती भंगारातून ओढत आणली. आमचा हळद शिजवायचा कुकर गावोगाव फिरतो, दोन-अडीच महिने लोकांच्या शेतात मुक्काम, वर ताडपत्री, खाली ओल. याडीची कंबर त्यातच गेली. दादा म्हणायचा, ट्रॅक्टरमागं कुकर जातो तशी ही पण जाईल.
पुढच्या पंधरा दिवसांत तो कालव्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला.
वही वाचताना रडू येईल वाटलं होतं. नाही आलं. भूक लागली होती, भाकर खाल्ली.

११ डिसें.
आखाडा बाळापूरहून सागाच्या पट्ट्या आणल्या. जुन्या घराच्या आहेत, वाळलेल्या. तिथल्या सुतार मिस्त्रींनी विचारलं, कुणाचं घर बांधता? गाडीचं, म्हटलं. ते हसले नाहीत. वाळवी लागलेलं सगळं लाकूड जाळा, एक तुकडा ठेवू नका, एवढं सांगितलं. स्वतः येणार नाहीत, त्यांच्याकडे लग्नसराईचे पलंग आहेत.
संध्याकाळी जुने खांब जाळले. याडीनं त्यावर पाणी तापवलं.

१४ डिसें.
चौदा खांब कापले. वहीत उंची लिहिलीय, "७ वीत २ बोटं". टेप घरात होता. पण दादानं विती लिहिल्यात तर वितींनीच कापायचं, असं मी ठरवलं. त्याच्या मापाची व्हावी म्हणून. हात दुखतोय. आज बरं वाटलं. म्हणजे तसं काही वाटलं नाही, पण काम झालं.

१५ डिसें.
चौदाही आखूड.
पहिला खांब उभा केला, वर वीतभराहून जास्त फट. दुसरा, तिसरा, तेच. छत मध्ये खाली बसलंय, तिथंही पुरेना.
बानं एक खांब उचलला, माझा हात धरून त्यावर ठेवला. मग म्हणाला, "त्याची वीत मोठी होती."
एवढंच. खांब भिंतीला टेकवून गेला.

१६ डिसें.
काही केलं नाही. ज्वारीला राखण.

१७ डिसें.
पुन्हा बाळापूर. मिस्त्री : "एक लावून बघायचा, मग बाकीचे कापायचे. कॉलेजात शिकवत न्हाईत का हे?" नाही शिकवत, म्हटलं. तेव्हा मात्र हसले. आखूड खांब फेकू नका म्हणाले. दोन खांबांच्या मध्ये आडवे मारायला कामी येतात, भिंत हलत नाही. नव्या पट्ट्या दिल्या.
आता खरी उंची किती? बसलेल्या छताचं माप घेऊन उपयोग नाही. जॅक लावून उचलावं लागेल, पण कुठवर ते माहीत नाही. जास्त उचललं तर पत्रा फाटतो.

१९ डिसें.
आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.
नवी पट्टी अंगणात आडवी होती. मी बाजूला वही घेऊन बसलेले. याडी गोवऱ्या घेऊन चालली होती, थांबली. मार्चपासून ती गाडीच्या बाजूनं जातच नाही, लिंबाला वळसा घालून जाते.
"काय अडलं?"
दादाची वीत किती होती ते कळत नाही, म्हटलं.
गोवऱ्या खाली ठेवल्या, बसली. पट्टीवर वीत टेकवली, पुढे दोन बोटं धरली, तिथं नखानं खूण केली. परत वीत, परत दोन बोटं. सात वेळा. शेवटी वहीतली दोन बोटं वेगळी.
"गोधडीचं कापड तो मोजायचा, मी कापायची. माझ्या मापानं आखूड यायचं. दर वितीमागं दोन बोटं."
उठली. गोवऱ्या उचलल्या. लिंबाला वळसा घालून गेली.

२० डिसें.
याडीच्या खुणेवर एकच खांब कापला. एकच. बानं जॅक लावला, अर्धा-अर्धा फेरा देत छत उचललं. खांब खाली बसला तेव्हा पत्र्याची जुनी रिबिटाची भोकं समोरासमोर आली. बानं ओळंबा सोडून बघितला.
"बराबर हाये."
मी तेरा अजून कापले.

२९ डिसें.
दोन्ही बाजू उभ्या झाल्या. आखूड चौदा खांब आडवे गेले, एकही वाया नाही. खालच्या टोकांना डांबर लावलं.
शांताकाकी आमच्या टोळीतली, तीस वर्षं हळद शिजवतेय. गाडीत चढून खांब हलवून बघितले. "अगं, ही तर कोंबड्याची खुराडी दिसून राहिली."
प्लाय बसू दे काकी, मग बोल.
"आतून कडी लावशील ना पण?"
लावणार. ते पहिलं. काकी मग टिंगल करायची थांबली. दरसाल ती आणि याडी पाळीपाळीनं जाग्या राहतात, परक्या शेतात.

९ जाने.
नवी प्लाय बसवली. खिडकीला जाळी. आज दादाचा वाढदिवस होता हे रात्री जेवताना लक्षात आलं. बाच्याही आलं असावं. कुणी बोललं नाही. भाजीत मीठ जास्त होतं, तेही कुणी बोललं नाही.

१८ जाने.
चारी फळ्या बसवल्या, वहीतल्या जागी. दादाची मागच्या खिडकीजवळ. तिच्यावर झोपून पाहिलं, पाय पुरून जागा उरते. छताकडे बघत पडले. काहीतरी आठवावं म्हणून वाट पाहिली.

३० जाने.
ट्रॅक्टर जोडून कालव्याच्या पुलापर्यंत नेऊन आणली. मुद्दाम खड्ड्यांतून. एकही सांधा उघडला नाही. दादा गेला त्या वळणावर बानं ट्रॅक्टर हळू केला, थांबवला नाही. परत आल्यावर म्हणाला, "भंगारवाला आल्ता काल. न्हाई म्हणून सांगितलं." काल. म्हणजे आज बघायच्या आधीच.

६ फेब्रु.
याडीला म्हटलं, एकदा आत येऊन बघ. आली. पायरीवर एक पाय ठेवला, दाराचा खांब धरला. आत बघत राहिली.
"चार काहून?"
वहीत चार आहेत, म्हटलं.
"आपण तीन हावोत."
पाय काढून घेतला. संध्याकाळी बाला म्हणाली, मी ताडपत्रीखाली झोपते, मला सवय हाये. बा मला म्हणाला, तू तिला सांग. मी काय सांगू? दोन महिने ज्याच्यासाठी केलं तेच होत नाही. वहीप्रमाणे केलं, म्हणून होत नाही.

७ फेब्रु.
शांताकाकीला विचारलं, चौथ्या फळीवर तू झोपशील का? ती एकदम गंभीर झाली. "त्या जागेवर न्हाई गं बाई. तुझी याडी रोज माझ्याकडं बघत झोपंल." ती तिच्या सुनेसोबत खाली मधल्या जागेत गोधडी टाकेल. कडी असली की झालं म्हणाली.
फळी ठेवली तर रोज रात्री रिकामी दिसणार. काढली तर त्यानं काढलेलं चित्र मी खोडलं असं होईल. दोन्ही बाजू माझ्या वहीत लिहून काढल्या, परीक्षेतल्या उत्तरासारख्या.

९ फेब्रु.
उद्या पहाटे निघायचं. पहिला मुक्काम डोंगरकड्याच्या अलीकडे. कुकर जोडून तयार, ड्रम वर चढवले. दुसऱ्या फेरीत घरगाडी.
याडीनं तिची वळकटी बांधलीय. ताडपत्रीही घडी करून वर ठेवलीय. दोन्ही अंगणात शेजारी शेजारी आहेत. कोणती कुठे चढवायची ते बानं विचारलं नाही, मीही नाही.
दुपारी ती नदीवर गेली तेव्हा मी चौथी फळी काढली. तिच्या पाट्या याडीच्या फळीला जोडल्या, आता तिला कूस बदलता येईल. खालून आधार दिला, बसून पाहिलं, हलत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.
भिंतीत खिळ्यांची सहा भोकं राहिली. ती भरली नाहीत.