फुंकरबाईविरुद्धची तक्रार

शुक्रवार, १४ मार्च

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं हाताच्या सवयीनं लिहिणार होतो, पण आवरलं. तुझी पोरगी काल भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेली. दोन वेळ जेवते. नर्सवर चिडते, म्हणजे सुधारतेय. मेहुण्यांना सांग, रजा मिळेपर्यंत जिवाला घोर लावून घेऊ नका, दवाखान्यात मी बसलोय.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मध्येच ओरडतो, आपली लहानपणापासूनची रीत. तू म्हणालीस, त्या ध्यानवाल्या बाईची क्रीडा मंडळाकडे तक्रार करतेय, तिला पुन्हा मैदानावर पाय ठेवू देणार नाही, दादा, सगळी हकिगत लिहून पाठव. पाठवतो. नीट वाच.

तर ही बाई. पोरांमध्ये मीच तिचं नाव फुंकरबाई पाडलं. आमच्या मंडळाच्या चिटणिसांच्या बायकोची पाठ हिनं बरी केली, एवढीच तिची पदवी. झालं, चिटणिसांनी ठराव केला की ध्यान आणि ऊर्जा वापरून खेळाडूंची कामगिरी सुधारायची. बावीस वर्षं पोरं पळवतोय मी. सेकंदाचा दहावा हिस्सा कमी करायला एकेकाचं वर्ष जातं. ही गादीवर आडवं पाडून कमी करणार. उंटावरचे शहाणे नुसते.

मंगळवार-शनिवार सरावानंतर उंच उडीच्या गादीवर सगळ्यांना झोपवायची. डोळे मिटा, श्वास मोजा, पायांतून उजेड वर चढतोय असं समजा. मग एकेकाच्या अंगावरून वीतभर अंतर ठेवून हात फिरवायची, इस्त्री करावी तसा. अंगाला स्पर्श नाही. गोळाफेकवाला आमचा गडी पहिल्याच दिवशी घोरायला लागला, तर म्हणते, ‘याची ऊर्जा खोल गेली.’ मी म्हटलं, ‘बाई, त्याचं दुपारचं जेवण खोल गेलंय.’ पोरं हसली. तीही हसली, म्हणून मला जास्तच राग आला.

तुझी पोरगी मात्र तिच्या नादी लागली. एक तास चुकवायची नाही. निवड चाचणी महिन्यावर आलेली, आठशे मीटरला तिच्याइतकी तयार दुसरी कोणी नव्हती, आणि ही डोळे मिटून पडलेली. मी म्हटलंही, निवड समिती घड्याळ बघते, उजेड बघत नाही.

चाचणीच्या आदल्या शनिवारी बाई माझ्याकडे आली. सगळ्यांसमोर. म्हणाली, ‘सर, हिच्या डाव्या नडगीत काहीतरी आहे. उद्या हिला पळवू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला तर वीतभरावरून दिसतं, मग फोटो कशाला काढायचा?’ पुन्हा पोरं हसली. या वेळी ती हसली नाही. ‘मला काही दिसत नाही सर,’ म्हणाली. ‘हात तिथं नेला की ती पाय आखडून घेते. म्हणून मी तिला विचारलं.’

हे तुला मी फोनवर सांगितलं नव्हतं. फोनवर मी म्हणालो, त्या बाईच्या थोतांडामुळे पोरीचा सराव सुटला, पाय कच्चा राहिला आणि मोडला. तू ते खरं मानलंस, मी सांगितलं म्हणून. सराव एक दिवसही सुटला नव्हता.

पुढे ऐक. माझी एक पद्धत आहे, तुला माहीत नसेल. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतो, कोणाचं काही दुखतंय का? ज्याचा हात वर होईल तो उद्या बाकावर बसेल. बावीस वर्षांत एकही हात वर झाला नाही. पाहुणे आले की मी हे छाती फुगवून सांगतो, माझी पोरं दणकट म्हणून. त्या शनिवारी बाई तिथंच उभी होती, तिला दाखवायला मी मुद्दाम तुझ्या पोरीला एकटीला पुढे बोलावून विचारलं. ती म्हणाली, ‘नाही सर.’ मी बाईकडे बघितलं. कसं बघितलं असेल ते तुला ठाऊक आहे, परीक्षेत तुझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले की बघायचो तसं.

रविवारी शेवटच्या वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती आणि पडली. आवाज मला ऐकू आला.

डॉक्टर म्हणतात, चीर जुनी होती, किमान तीन आठवड्यांची. तेव्हाच विश्रांती दिली असती तर आपोआप भरली असती. आता आत सळई आहे. चालेल. पळण्याचं विचारलं तर ते फोटोकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं. ऊर्जा-बिर्जा सगळं थोतांडच आहे, आजही म्हणतो. पण विचारायला ऊर्जा लागत नाही, ठमे. मैदानावर मी सर. घरी मामा, पण घरात मैदानाचा विषय काढायचा नाही हा माझाच नियम, भाचीला झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये म्हणून. मैदानावर सांगावं तर बाक, घरी सांगावं तर नियम. पोरगी बोलणार कुठे? राहिली ती गादी.

आणखी एक. हे लिहिण्याआधी मी दोनदा उठून फेरी मारून आलो. ते तीन आठवडे ती घरचा जिना उतरताना कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरायची. मी खाली खुर्चीत पेपर वाचत बसलेलो असायचो. मला दिसत होतं. बावीस वर्षं पाय बघण्यात घालवलेल्या माणसाला ते कळत नाही होय? कळलं होतं. चाचणी होऊ दे, मग बघू, असं म्हणून मी पान उलटलं. रोज उलटलं.

शुद्धीवर आल्यावर ती मला पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? ‘सॉरी सर.’

फुंकरबाई रोज येते. मी व्हरांड्यात जाऊन बसतो. तिनं मला अजून एका शब्दानं सुनावलेलं नाही, त्याचाही मला रागच येतो, स्वभावाला औषध नाही.

तक्रार कर. मागे घेऊ नकोस, सौम्यही करू नकोस, तुझ्या भाषेला धार आहे ती राहू दे. फक्त त्या बाईचं नाव जिथं जिथं आलं असेल तिथं माझं घाल. नातं लिहू नकोस, मामा म्हटलं की लोकांना दया येते. प्रशिक्षक लिही. साक्षीदार लागला तर मी आहे.

तुझा
दादा